पावती क्रमांक बदलून पाहा : क्यूएच्या रोजच्या कामात सुरक्षा चाचणी कशी आणावी

खराडीतल्या एका ऑफिसात संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि दुसऱ्या दिवशी ग्राहकाकडे यूएटी, म्हणजे ग्राहकाने स्वतः करायची स्वीकृती चाचणी, सुरू होणार होती. पतसंस्थांसाठीचं सॉफ्टवेअर होतं. खातेदाराला मोबाइलवर शिल्लक दिसावी, मुदत ठेवीची पावती डाउनलोड करता यावी, एवढीच पहिल्या रिलीजची मागणी. टीममध्ये नवीनच आलेली एक टेस्टर पावतीची पीडीएफ नीट उमटते का ते पाहत होती. यूआरएलच्या शेवटी पावतीचा क्रमांक होता. तो टाइप करताना तिचा एक आकडा चुकला आणि समोर दुसऱ्याच खातेदाराची पावती उघडली. नाव, पत्ता, रक्कम, वारसाचं नाव, सगळं त्यात होतं. डेटा चाचणीचा होता, पण कोड तोच, जो दोन आठवड्यांनी खऱ्या खातेदारांसाठी चालणार होता.

"सर, हा बग आपल्या मॉड्यूलवर टाकू की सिक्युरिटीवाल्यांना मेल करू?" तिने विचारलं.

तोवर आमच्या शेकडो टेस्ट केसेस हिरव्या झाल्या होत्या. पावती उघडते का, रक्कम बरोबर आहे का, मराठी जोडाक्षरं तुटत नाहीत ना, हे सगळं तपासलेलं होतं. दुसऱ्याची पावती उघडत नाही ना, हे मात्र एकाही केसमध्ये नव्हतं. ते बाहेरची ऑडिट कंपनी शेवटी येऊन बघणार, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

असं घडणं दुर्मीळ नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या फर्स्ट अमेरिकन फायनान्शियल या कंपनीच्या संकेतस्थळावर लिंकमधला आकडा बदलला की दुसऱ्यांची कागदपत्रं उघडत होती आणि अशी ८८ कोटींहून अधिक कागदपत्रं उघडी होती. ओवास्प या संस्थेच्या वेब सुरक्षेतल्या १० मोठ्या धोक्यांच्या यादीत 'ज्याला अधिकार नाही त्याला प्रवेश मिळणं' हा प्रकार २०१७ मध्ये पाचव्या क्रमांकावर होता, २०२१ मध्ये तो पहिल्यावर आला. हा दोष पकडायला हॅकर असावं लागत नाही. पावती कुणाची आणि ती कुणी बघायची, एवढं ठाऊक असलं की झालं. आणि ते टेस्टरला सगळ्यांत चांगलं ठाऊक असतं. दोष आपोआप शोधणाऱ्या स्कॅनर सॉफ्टवेअरच्या लेखी पावती ४५१२ आणि पावती ४५१३ ही दोन सारखीच पानं असतात.

म्हणून मला वाटतं की सुरक्षा चाचणीचा मोठा हिस्सा क्यूएच्या, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टरांच्या, हातात यायला हवा, आणि तो स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या ठरावीक छोट्या टप्प्याच्या, पहिल्या दिवसापासून. ते कसं करायचं, हे पतसंस्थेचंच उदाहरण धरून पुढे सांगतो. तुमचं उत्पादन हॉस्पिटलचं असो की चाकणच्या एखाद्या कारखान्यासाठीचं, नावं बदलतील, पायऱ्या त्याच राहतील.

सर्वांत आधी लेखी परवानगी

स्वतःच्या कंपनीचं उत्पादन असलं तरी कोणत्या सर्व्हरवर, कोणत्या तारखांना, कोणती चाचणी करणार हे लिहून मॅनेजर आणि ग्राहक दोघांचा होकार मेलवर घ्या. क्लाउड किंवा पेमेंट गेटवे दुसऱ्याचा असेल तर त्यांचे नियम वेगळे वाचा. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ खाली परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं तर नुकसानभरपाई द्यावी लागू शकते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली तो गुन्हा ठरतो आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'मी फक्त बघत होतो' हा बचाव पुरत नाही. नवीन मुलं उत्साहाच्या भरात स्वतःच्या बँकेच्या खऱ्या अॅपवर प्रयोग करून पाहतात. त्यांना पहिल्याच दिवशी बसवून हे सांगा.

पहिली पायरी : कोण काय करू शकतो, याचा तक्ता

एक साधी स्प्रेडशीट उघडा. वर आडव्या रांगेत भूमिका लिहा: खातेदार, पिग्मी एजंट, लिपिक, कॅशियर, शाखाधिकारी, मुख्य कार्यालय, लेखापरीक्षक, आणि शेवटी 'लॉगिन न केलेला माणूस'. डावीकडे उभ्या रांगेत कामं लिहा: पावती पाहणं, व्हाउचर तयार करणं, व्हाउचर पास करणं, व्याजदर बदलणं, खातेदाराचा मोबाइल क्रमांक बदलणं, दिवसअखेर करणं. प्रत्येक चौकटीत 'हो', 'नाही' किंवा 'हो, पण' लिहायचं.

खरं काम 'हो, पण'च्या चौकटींत आहे. पिग्मी एजंटाला खाती दिसतात, पण फक्त त्याच्या यादीतली. शाखाधिकारी व्हाउचर पास करतो, पण स्वतः तयार केलेलं नाही. लेखापरीक्षक सगळं पाहतो, पण एक अक्षरही बदलू शकत नाही, आणि लेखापरीक्षणाचा काळ संपला की त्याचा प्रवेश बंद व्हायला हवा. हे नियम बहुतेक वेळा कुठेच लिहिलेले नसतात. ते पतसंस्थेतल्या जुन्या माणसांच्या डोक्यात असतात. त्यामुळे तक्ता घेऊन ग्राहकाच्या शाखेत जा आणि एखाद्या अनुभवी शाखाधिकाऱ्यासमोर बसा. सदाशिव पेठेतल्या एका छोट्या शाखेत असं बसल्यावर मला एका तासात जे कळलं, ते चार महिन्यांच्या रिक्वायरमेंट कागदांत नव्हतं.

तिथल्या शाखाधिकारी बाईंनी सहज विचारलं, "मी रजेवर गेले की चार्ज जोशीकडे देते. परत आल्यावर त्याच्याकडचं पास करायचं आपोआप जातं ना?"

जात नव्हतं. जोशी लिपिक होता. चार्ज घेताना त्याला शाखाधिकाऱ्याचे अधिकार मिळायचे आणि बाई परत आल्यावर पडद्यावरून 'पास करा' हे बटण नाहीसं व्हायचं. सर्व्हरवरचा त्याचा टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळणारी डिजिटल ओळखचिठ्ठी, मात्र जुनेच अधिकार घेऊन दिवसभर जिवंत राहायचा. त्या दिवसात तो व्हाउचर तयारही करू शकला असता आणि पासही. एका नोंदीला दोन माणसं लागावीत, हा सगळ्या बँकिंगचा पाया इथे गळून पडत होता.

तक्त्यात 'चार्ज दिला', 'बदली झाली', 'नोकरी सोडली', 'खातं बंद झालं', 'खातेदार वारला' अशा बदलांच्या ओळीही घाला. भूमिका बदलते त्या क्षणी अधिकारही बदलतात का, हा दोषांचा सुपीक प्रदेश आहे.

दुसरी पायरी : स्टोरीमध्येच 'काय होता कामा नये' लिहा

स्टोरी, म्हणजे वापरणाऱ्याच्या शब्दांत लिहिलेली मागणी, सहसा अशी असते: खातेदार म्हणून मला माझ्या ठेवीची पावती डाउनलोड करता यावी. स्प्रिंट प्लॅनिंगमध्ये त्याखाली स्वीकृतीच्या अटी लिहितो, तेव्हाच उलट्या बाजूच्या अटीही लिहायच्या:

- दुसऱ्या खातेदाराचा पावती क्रमांक दिला तर पावती मिळू नये, आणि असा क्रमांक अस्तित्वात आहे की नाही हेही उत्तरावरून कळू नये.
- लॉगआउट केल्यानंतर जुनी लिंक उघडू नये.
- पीडीएफ तात्पुरत्या सार्वजनिक फोल्डरमध्ये पडून राहू नये.
- कोणी, कधी, कोणती पावती घेतली याची नोंद राहावी, पण त्या नोंदीत आधार किंवा पॅन क्रमांक पूर्ण दिसू नये.

एवढ्याला दहा मिनिटं लागतात. डेव्हलपरला काम सुरू करण्याआधीच कळतं की हे तपासलं जाणार आहे, आणि निम्मे दोष कोड लिहितानाच टळतात. यूएटीच्या आदल्या संध्याकाळी सापडलेला तोच दोष सगळ्या टीमची रात्र खातो. सुचत नसेल तर प्रत्येक स्टोरीला हे पाच प्रश्न विचारा. दुसऱ्याच्या नावाने कोणी करेल का? मधेच आकडा बदलेल का? करून नंतर 'मी केलंच नाही' म्हणेल का? नको ते कुणाला दिसेल का? हे बंद पाडता येईल का? मायक्रोसॉफ्टमध्ये तयार झालेल्या स्ट्राइड पद्धतीत सहा प्रकार आहेत. त्यांतले पाच म्हणजे हेच प्रश्न, आणि सहावा, म्हणजे नसलेला अधिकार मिळवणं, आपल्या तक्त्यातच आला आहे.

तिसरी पायरी : दोन खाती, दोन ब्राउझर

हा माझा सगळ्यांत आवडता सराव आहे, आणि कोणतंही महागडं टूल न घेता उद्याच सुरू करता येतो. बर्प सूटची मोफत आवृत्ती किंवा झॅप घ्या. ही दोन्ही ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या मधे बसतात आणि प्रत्येक विनंती उघडून दाखवतात.

एका ब्राउझरमध्ये खातेदार 'अ' म्हणून लॉगिन करा, दुसऱ्यात 'ब' म्हणून. 'अ' म्हणून नेहमीची सगळी कामं करा: पावती पाहा, वारस बदला, पत्ता बदला, हप्ता भरा. आता प्रत्येक विनंती पुन्हा पाठवा, पण टोकन 'ब'चा लावून. उत्तरात ४०३ (परवानगी नाही) किंवा ४०४ (सापडलं नाही) यायला हवं. २०० (ठीक आहे) आलं आणि 'अ'ची माहिती दिसली, तर तुम्हाला गंभीर दोष सापडला. मग टोकन काढूनच टाका आणि पाठवा. इथे ४०१ (आधी लॉगिन करा) अपेक्षित आहे. त्यानंतर खातेदाराच्या टोकनने शाखाधिकाऱ्याच्या विनंत्या पाठवा. बटण दिसत नाही म्हणजे दार बंद आहे, असं समजू नका. बटण लपवलं ते ब्राउझरने. सर्व्हरने अडवलं का, एवढंच पाहायचं.

फक्त वाचण्याच्या विनंत्यांवर थांबू नका. पाहायला बंदी असते, पण बदलायला किंवा काढून टाकायला नसते, असं मी कितीदा तरी पाहिलं आहे. यादी, एक्सेल एक्स्पोर्ट, सर्च आणि नोटिफिकेशन हे कोपरे डेव्हलपरच्या नजरेतून हमखास सुटतात. शाखाधिकाऱ्याला पडद्यावर स्वतःच्या शाखेचेच खातेदार दिसतात आणि एक्स्पोर्ट केलेल्या एक्सेलमध्ये साऱ्या संस्थेचे येतात, हा दोष मला दोन वेगवेगळ्या उत्पादनांत मिळाला.

केवायसीसाठी अपलोड केलेल्या फोटोची लिंक कॉपी करा आणि इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता उघडा. आधारचा फोटो दिसला तर त्या दिवसाचं बाकी सगळं काम बाजूला ठेवा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ प्रमाणे माहितीची वाजवी सुरक्षा न ठेवल्याबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाचं सोडा, ते आधार कार्ड कुणाच्या तरी आजीचं असतं.

हाताने एकदा केलं की हाच सराव एपीआय ऑटोमेशनमध्ये, म्हणजे पडदा वगळून सर्व्हरला थेट विनंत्या पाठवणाऱ्या स्वयंचलित चाचण्यांत, घाला. पहिल्या पायरीचा तक्ता सीएसव्ही म्हणून वाचा, प्रत्येक चौकटीसाठी त्या भूमिकेचा टोकन लावून विनंती पाठवा आणि तक्त्यात 'नाही' असेल तिथे नकार येतो का ते पडताळा. आठ भूमिका आणि साठ कामं म्हणजे ४८० तपासण्या. यंत्राला त्या काही मिनिटांत होतात आणि प्रत्येक बिल्डला होतात. 'हो, पण'च्या चौकटींसाठी वेगळा डेटा लागतो. त्या केसेस हाताने लिहा, त्यात कसूर करू नका.

चौथी पायरी : इनपुट, आणि त्यात मराठी

सीमेवरच्या किमती तपासणं हे क्यूएचं पहिल्या आठवड्यातलं शिक्षण. एप्रिल २०१४ मध्ये जगासमोर आलेला हार्टब्लीड दोष याच जातीचा होता. इंटरनेटवरचा संवाद कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीत पाठवणारा 'माझा मजकूर इतका लांब आहे' असं सांगायचा आणि सर्व्हर ते न पडताळता तेवढी मेमरी परत द्यायचा, एका वेळी ६४ किलोबाइटपर्यंत. सांगितलेली लांबी आणि खरी लांबी वेगळी ठेवून पाहणं, ही चाचणी कोणताही चांगला टेस्टर लिहू शकला असता.

तुमच्या फॉर्मवर ऋण रक्कम, शून्य, दशांश, खूप मोठी संख्या, रिकामी जागा हे सगळं एपीआयवरून थेट पाठवा, कारण पडद्यावरची तपासणी ओलांडायला एक मिनिट पुरतं. −५०० रुपयांचा भरणा स्वीकारला गेला तर ती खात्यातून काढलेली रक्कम झाली. नावाच्या चौकटीत अवतरण चिन्ह टाका. पुण्यात कॅम्पात डि'सूझा आणि डि'मेलो भरपूर आहेत. त्यांचं नाव टाकल्यावर डेटाबेसची एरर आली तर ती नुसती गैरसोय नव्हे. तुमचा मजकूर एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला दिल्या जाणाऱ्या आज्ञेत, जसाच्या तसा चिकटवला जातोय, याची ती खूण आहे आणि त्याच फटीतून अख्खी टेबलं बाहेर काढता येतात.

नावाची सुरुवात = या चिन्हाने करा आणि अहवाल एक्सेलमध्ये काढा. एक्सेल त्याला सूत्र समजून चालवायला गेलं, तर तो अहवाल उघडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या संगणकावर हल्ला करण्याची वाट उघडी आहे. पतसंस्थांचं निम्मं जग एक्सेलवर चालतं, त्यामुळे ही चाचणी आमच्याकडे सक्तीची आहे.

आता मराठीचं. परदेशी चेकलिस्टमध्ये हे सापडणार नाही. देवनागरी अंक टाकून पाहा. पायथनमध्ये आणि डॉटनेटमध्ये 'अंक' ओळखणारा \d हा नियम १२३ हे देवनागरी अंकही अंक म्हणून स्वीकारतो, जावास्क्रिप्टमध्ये नाही. म्हणजे एका सेवेला जे वैध वाटतं ते दुसरीला वेगळं दिसतं. मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत लिहून पाठवला तर तो पहिल्यापेक्षा वेगळा क्रमांक म्हणून साठतो का? साठत असेल, तर बंदी घातलेला माणूस त्याच क्रमांकावर दुसरं खातं उघडू शकतो आणि चुकीच्या प्रयत्नांची मोजणी पुन्हा शून्यावर येते.

लांबीचंही तसंच. यूटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. 'पुणे' दिसायला दोन अक्षरं, साठवायला १२ बाइट. एका ठिकाणी मर्यादा अक्षरांत आणि दुसऱ्या ठिकाणी बाइटमध्ये असेल, तर नाव मधेच कापलं जातं. तपासणीच्या वेळी वेगळी असलेली दोन नावं साठवल्यावर एकसारखी होतात. अर्धा र, म्हणजे 'ऱ्या'मधला, आणि न दिसणारी जोडचिन्हं घालूनही पाहा. डोळ्यांना सारखे दिसणारे दोन लॉगिन आयडी तयार होऊ नयेत.

पाचवी पायरी : वेळ, ओटीपी आणि मधला दुवा

चार अंकी ओटीपीच्या १०,००० शक्यता. सेकंदाला ५० प्रयत्न झाले तर सगळ्या शक्यता २०० सेकंदांत संपतात. सहा अंकी असेल तर १० लाख शक्यता, आणि त्याच वेगाने साडेपाच तास. त्यामुळे पाच चुकांनंतर अडवतात का, एवढंच तपासून भागत नाही. नवीन ओटीपी मागितला की मोजणी पुन्हा शून्य होते का? जुना ओटीपी चालूच राहतो का? 'अ'ला आलेला ओटीपी 'ब'च्या व्यवहाराला चालतो का? ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सर्व्हरचं उत्तर उघडा. ओटीपी उत्तरातच आलेला मी स्वतः पाहिला आहे. डेव्हलपरने चाचणीच्या सोयीसाठी ठेवला होता आणि काढायचा राहिला होता.

मग एकाच वेळी अनेक विनंत्या. खात्यात ५,००० रुपये आहेत. ५,००० काढण्याच्या दहा विनंत्या एकाच क्षणी सोडा. परफॉर्मन्स टेस्टिंगसाठी जेमीटर असेलच, त्यातला सिंक्रोनायझिंग टायमर याच कामाचा आहे. दहापैकी एकच यशस्वी व्हायला हवी आणि शिल्लक शून्याखाली जायला नको. पिग्मी एजंटाच्या मशीनचंही हेच. दिवसभर ऑफलाइन गोळा केलेल्या नोंदी संध्याकाळी अपलोड होतात. तीच फाइल दोनदा चढवा. अर्ध्यात नेट तोडून पुन्हा चढवा. मशीनची तारीख मागे नेऊन पाहा.

शेवटी, दोन यंत्रणांमधला दुवा. पुण्यात याचं उदाहरण द्यायला लांब जावं लागत नाही. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवशी गणेशखिंड रस्त्यावर मुख्यालय असलेल्या कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. हल्लेखोरांनी कोअर बँकिंगला, म्हणजे खात्यांच्या मूळ यंत्रणेला, हात लावला नव्हता. एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या स्विचच्या जागी त्यांनी स्वतःची खोटी यंत्रणा उभी केली, ती प्रत्येक व्यवहाराला 'मंजूर' म्हणत राहिली आणि २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांनी पैसे निघत राहिले.

यातून इंटिग्रेशन टेस्टिंगसाठी एक प्रश्न घ्यावा: मधला दुवा खोटं बोलला तर कुणाच्या लक्षात येईल? पेमेंट गेटवेचं नकली रूप आपण चाचणीसाठी बनवतोच. त्याला खोटं बोलायला लावा. पैसे आले नसताना 'आले' म्हणायला लावा, डिजिटल सही नसलेला कॉलबॅक, म्हणजे गेटवेकडून परत येणारा निरोप, पाठवायला लावा, रक्कम बदलून परत पाठवायला लावा. व्यवहार अडायला हवा. नाहीच अडला, तर दिवसअखेरीच्या ताळमेळात तरी ठळक फरक दिसायला हवा आणि तो फरक कुणाच्या तरी फोनवर पोचायला हवा. हा अलर्ट पोचतो का, हीसुद्धा एक टेस्ट केस आहे.

सहावी पायरी : यंत्रांकडून करून घ्यायचं काम

टूलबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यांची माहिती सगळीकडे मिळते. पाइपलाइनमध्ये, म्हणजे कोडपासून बिल्डपर्यंत आपोआप चालणाऱ्या साखळीत, चार तपासण्या पुरेत. कोडमध्ये पासवर्ड किंवा किल्ल्या राहिल्यात का, यासाठी गिटलीक्स. बाहेरून घेतलेल्या लायब्ररीत माहीत असलेले दोष आहेत का, यासाठी ट्रिव्ही किंवा डिपेंडन्सी-चेक. कोडच्या स्थिर तपासणीसाठी सेमग्रेप किंवा सोनारक्यूब. चालत्या अॅपसाठी रोज रात्री झॅपचा बेसलाइन स्कॅन. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या लायब्ररीचा दोष जाहीर झाला, त्याची तीव्रता १० पैकी १० होती. त्या आठवड्यात ज्या टीमकडे लायब्ररींची यादी तयार होती त्यांना काही मिनिटांत उत्तर मिळालं, बाकीच्यांनी रात्री जागून सर्व्हर चाळले.

दोन गोष्टी मात्र अनुभवाने शिकलो. पहिल्याच दिवशी प्रत्येक सूचनेवर बिल्ड अडवू नका. जुन्या उत्पादनावर पहिला स्कॅन शेकडो सूचना देतो, त्यातल्या बऱ्याच चुकीच्या असतात. टीम वैतागते आणि आठवड्याभरात कोणीतरी ती तपासणीच बंद करतो. आधी नुसती नोंद ठेवा, मग फक्त नव्याने आलेल्या गंभीर दोषांवर अडवा, जुने दर स्प्रिंटला थोडे थोडे संपवा. दुसरी गोष्ट, तुमचा सेलेनियम सूट, म्हणजे ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या चाचण्या, झॅपच्या प्रॉक्सीतून चालवा. स्कॅनरला लॉगिनच्या आत जाता येत नाही, ही नेहमीची तक्रार असते. तुमच्या स्क्रिप्ट तर आत जाऊन सगळे फॉर्म भरतातच. त्यांच्यामागून स्कॅनर आपोआप आत पोचतो. हल्ला करून बघणारा अॅक्टिव्ह स्कॅन मात्र वेगळ्या सर्व्हरवर आणि सगळ्यांना सांगूनच करा, कारण तो फॉर्म खरोखर सबमिट करतो.

गिटमध्ये पासवर्ड सापडला तर ओळ पुसून भागत नाही. तो इतिहासात राहतो. पासवर्डच बदला.

सातवी पायरी : टेस्ट डेटा

एका प्रकल्पात आम्ही ग्राहकाच्या खऱ्या डेटाबेसची प्रत घेऊन चाचणी करत होतो. थकीत हप्त्याच्या आठवणीचं मॉड्यूल तपासायला घेतलं आणि शनिवारी संध्याकाळी खऱ्या कर्जदारांना एसएमएस गेले. काहींचे हप्ते केव्हाच भरून झाले होते. सोमवारी शाखेत रांग लागली. त्यातल्या एका आजोबांनी भरलेल्या पावत्यांची पिशवी सोबत आणली होती, असं शाखाधिकाऱ्यांनी सांगितलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

तेव्हापासून नियम असा आहे की खरा डेटा चाचणीच्या सर्व्हरवर येत नाही. यायचाच असेल तर नाव, मोबाइल, आधार, पॅन, पत्ता बदलूनच, आणि तो बदल ग्राहकाच्या सर्व्हरवर होतो, आपल्याकडे आल्यावर नाही. चाचणीच्या सर्व्हरवरून बाहेर जाणारे एसएमएस आणि मेल एका पेटीत अडवले जातात. ते खरोखर अडतात का, हे दर महिन्याला एकदा तपासतो. चाचणीच्या सर्व्हरचे पासवर्डही प्रॉडक्शनपेक्षा वेगळे ठेवा.

आठवी पायरी : दोष नोंदवताना

सुरक्षेचा दोष सगळ्यांना दिसणाऱ्या बोर्डावर तपशिलासह टाकू नका. जिरा या दोष नोंदवण्याच्या टूलमध्ये त्यासाठी मर्यादित लोकांना दिसणारा प्रकार करून घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर स्क्रीनशॉट तर अजिबात नको. दुसऱ्याची एक पावती उघडली की पुरावा झाला, आणखी पन्नास उघडू नका.

परिणाम ग्राहकाच्या भाषेत लिहा. 'ऑथरायझेशन तपासणी नाही' या वाक्याने प्रॉडक्ट मॅनेजर हलत नाही. 'कोणताही खातेदार आकडा बदलून इतर सगळ्या खातेदारांच्या ठेवी, पत्ते आणि वारस पाहू शकतो, आणि हे करायला फक्त ब्राउझर लागतो' असं लिहिलं की रिलीजची तारीख पुढे जाते. सीव्हीएसएस या दोषाची तीव्रता मोजणाऱ्या मापाचा आकडा सोबत द्या, पण प्राधान्य उत्पादन पाहून ठरवा. दुरुस्ती झाली की तीच चाचणी रिग्रेशनमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर पुन्हा चालणाऱ्या चाचण्यांत, कायमची घाला, आणि त्याच जातीचा दोष बाकी एपीआयमध्ये आहे का ते बघा. पावतीत होता तसा तो पासबुकात आणि कर्जाच्या उताऱ्यातही निघाला होता.

रिलीजनंतर

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात. या दोन्ही गोष्टी चाचणीत बसतात. लॉग खरोखर १८० दिवस टिकतात का, की डिस्क भरली की जुने पुसले जातात? सगळ्या सर्व्हरची घड्याळं जुळतात का? एक सर्व्हर भारतीय वेळेत आणि दुसरा यूटीसी या जागतिक वेळेत लिहीत असेल, तर साडेपाच तासांच्या फरकात घटनेचा क्रमच लागत नाही. लॉगमध्ये ओटीपी किंवा टोकन तर उमटत नाहीत ना?

दर तीन महिन्यांनी आम्ही एक सराव करतो. कुणालाही न सांगता चाचणीच्या सर्व्हरवर एका खात्यातून दोनशे वेगवेगळ्या पावत्या मागतो आणि घड्याळ लावतो. कुणाच्या लक्षात आलं, किती वेळाने आलं, त्याने कुणाला फोन केला, हे सगळं वहीत लिहितो. पहिल्या वेळी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मागच्या वेळी अकरा मिनिटांत फोन वाजला, आणि तो उचलला पावतीचा आकडा चुकवणाऱ्या त्याच मुलीने. आता क्यूए लीड तीच आहे.